पूर्ण डोस

कुणाला खरं वाटणार नाही, लागली पैज. पण ज्या माणसाने एकेचाळीस वर्षं अख्ख्या शहराची कुलपं उघडली, त्याला एका मंगळवारी सकाळी पावणेआठला त्याच्याच इमारतीच्या दाराने आत घ्यायचं नाकारलं, आणि तेही बाईच्या मंजूळ आवाजात. ‘ओळख पटली नाही. कृपया पुन्हा प्रयत्न करा.’ काखेत वर्तमानपत्र, हातात पाव, पायात सपाता. त्याने उजवा अंगठा पुन्हा त्या काचेच्या चकतीवर टेकवला. मग डावा. मग तर्जनी, मग मधलं बोट, मग अंगठा विजारीला पुसून, अंगठ्यावर फुंकर मारून, शेवटी आजूबाजूला कुणी नाही असं बघून थुंकी लावून. बाईचा आवाज तसाच, ना चढलेला ना उतरलेला. ती चिडली असती तर बरं वाटलं असतं. कुलूप कसं असावं, त्याला तोंड पाहिजे, पोटात स्प्रिंग पाहिजे, मनात हट्ट पाहिजे. त्याच्याशी भांडता आलं पाहिजे, आईबहीण काढता आली पाहिजे, आणि मग तासाभराने ते ‘कट्’ करून शरण आलं की त्याला प्रेमाने एक टपली मारता आली पाहिजे. या डबीला किल्लीचं भोकच नव्हतं. जिथे घुसायला जागाच नाही तिथे किल्लीवाल्याने डोकं फोडावं काय? त्याने अंगठा उजेडात धरून पाहिला आणि तेव्हा त्याला पहिल्यांदा दिसलं, की त्यावर रेषा नाहीत. एकही नाही. लाल, तुकतुकीत, ताणलेला, सोललेल्या बटाट्यासारखा अंगठा. दहाही बोटं तशीच. चौदा दिवस घ्या, सात दिवस सोडा, असं करत करत त्या गोळ्यांनी साडेचार महिन्यांत त्याचे ठसे घासून काढले होते, जुन्या किल्लीचे दात झिजावेत तसे. चोराला केवढा उपयोग झाला असता! पण तो होता प्रामाणिक माणूस, निदान कुलपांच्या बाबतीत. आणि त्याने त्या दाराला एक सणसणीत लाथ घातली. लाथ पायाला लागली की नाही हेही त्याला नीट कळलं नाही, आणि त्याचा त्याला जास्तच राग आला.

लाथेच्या आवाजाने बायको खाली आली. तिने आतून दार उघडलं, त्याच्याकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं.

“काय झालं? दाराने काय केलं तुमचं?”

“ओळख दाखवत नाही.”

“रोज बघतंय ना तुम्हाला. कंटाळलं असेल.” तिने पाव काढून घेतला. “हातमोजे कुठायत? आणि हा दांडा हाताने धरलात? गार लोखंडाला हात लावायचा नाही म्हणून सिस्टर बजावून बजावून थकली.”

“मला कोणी बजावायचं कारण नाही.”

“बरं. मग चला वर, आवरा. साडेनऊला बोलावलंय. सातवी आहे आज.”

सातवी. आठांतली सातवी. आतड्याचा वीतभर तुकडा कापून काढला, तेव्हाच्या रोगाच्या चिंध्या उरल्यासुरल्या कुठे दडून बसल्या असतील तर त्यांचा बंदोबस्त म्हणून आठ ड्रिप आणि मध्येमध्ये गोळ्या. टॅक्सीत बसल्यावर त्याने हातमोजे चढवले, म्हणजे बायकोने चढवले, आणि तो खिडकीबाहेर एकेका दुकानाचं शटर बघत राहिला. हे कुलूप मी बसवलं, ते तिघांनी फोडून पाहिलं आणि फुटलं नाही, त्या कोपऱ्यावरच्या औषधवाल्याने स्वस्तातलं घेतलं, भोगेल. ड्रिपमधल्या औषधात प्लॅटिनम असतं असं डॉक्टरीणबाईने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, आणि त्याला ते ऐकून आत कुठेतरी बरं वाटलं होतं. धातू. धातूशी आपलं जमतं. आजवर लोखंड, पितळ, पोलाद हातांनी वाकवलं, आता एक धातू थेट शिरेत. बघू या कोण कोणाला वाकवतो. छातीत उजव्या बाजूला कातडीखाली एक चपटी डबी बसवली होती, तिच्यात सुई खुपसून औषध सोडायचे. ‘मलाच कुलूप लावलंय आणि किल्ली सिस्टरच्या खिशात,’ हा विनोद त्याने वॉर्डात तेरा वेळा केला होता. पण पहिल्या ड्रिपनंतर दुसऱ्या दिवशी दुकानात जाऊन त्याने खिळ्यावरचा किल्ल्यांचा जुडगा काढला आणि त्या जुडग्याने त्याला करंट मारला. खरोखरचा, कोपरापर्यंत. जुडगा खाली पडला. त्याने तो उचलला, पुन्हा करंट. जिन्याखालच्या त्या दुकानात, जिथली प्रत्येक वस्तू त्याला कुत्र्यासारखी ओळखत होती, तिथली प्रत्येक वस्तू त्याला चावायला उठली: पक्कड, कानस, किल्ली आवळून धरायचा शेगडा, लोखंडी स्टूल. गार पाणी प्यायलं तर घशात कोणी मूठ आवळतंय असं वाटायचं. सगळं कोमट करून प्यायचं, कोमट धुवायचं, कोमट बोलायचं. चार-पाच दिवसांनी करंट जायचा. तिसरीनंतर आठ दिवसांनी गेला. पाचवीनंतर गेलाच नाही. आणि मग एक दिवस करंटही बंद झाला आणि त्या जागी काहीच उरलं नाही. बोटांची टोकं बधिर. जणू कुणी त्याच्या बोटांवरच हातमोजे शिवून दिले होते, आणि ते काढायची सोय नव्हती.

हे त्याने कुणालाही सांगितलं नव्हतं. सिस्टर दर वेळी विचारायची, एक ते दहामध्ये त्रास किती, आणि तो दर वेळी ‘दोन’ म्हणायचा. शून्य म्हटलं तर संशय येतो, तीन म्हटलं की वहीत लिहितात. दोन हा सुरेख आकडा होता, गुळगुळीत, कुठल्याही कुलपात फिरणारा.

याचं कारण होतं थोरला. थोरला भाऊ नुसता मोठा नव्हता, तो त्याचा मास्तर होता. त्यानेच या धाकट्याला कापडी पिशवीत कुलूप बांधून दिलं होतं आणि म्हणाला होता, आता हात आत घाल आणि न बघता सांग, आत किती पिना आहेत, कुठली झिजलीय, आधी कुणी छेडलंय का. धाकटा आठवडाभर रडला. मग एका संध्याकाळी बोटाच्या टोकाशी काहीतरी बोललं. इतकं बारीक, की त्याला आवाज म्हणता येत नाही आणि स्पर्श म्हणावा तर त्याहून आतलं. तिसरी पिन, जरा तिरकी, वर गेली की अर्ध्या केसाइतकी अडते. त्याने तसं सांगितलं, आणि थोरल्याने पिशवी सोडून कुलूप उघडं करून दाखवलं, तिसरी पिन तिरकी. थोरला हसला नाही, शाबास म्हणाला नाही. एवढंच म्हणाला, “खरं सांगितलंस.” थोरला खऱ्याचा भोक्ता. गिऱ्हाइकाला तोंडावर सांगायचा, तुमचं कुलूप भिकार आहे. धाकट्याने एक खरं सांगावं म्हणून दहा थापा पोटात घालायचा. आणि मग आठ वर्षांपूर्वी थोरल्यालाही हाच रोग झाला, त्यालाही ड्रिप लागली, आणि त्याने आपल्या स्वभावाप्रमाणे प्रत्येक गोष्ट डॉक्टरला सांगितली. तोंडात फोड आले, सांगितलं. पाय जड झाले, सांगितलं. जिना उतरताना पायरी कळत नाही, सांगितलं. वही काढून तारीखवार वाचून दाखवलं. डॉक्टर म्हणाला, आपण डोस कमी करू. धाकटा तिथे शेजारच्या स्टुलावर बसला होता. त्याने तो शब्द ऐकला, कमी, आणि त्याला वाटलं, आत कुठेतरी एक पिन खाली पडली. चार महिन्यांनी थोरला गेला. त्याचं आधीच यकृतात पसरलं होतं, तुमचं तसं नाही, त्यांची गोष्ट निराळी, तुमची निराळी, हे बायकोने त्याला किती वेळा समजावलं असेल. यकृत वगैरे त्याच्या डोक्यात शिरतच नव्हतं. त्याच्या डोक्यात एकच साधा हिशेब होता आणि तो कुलपातल्या एखाद्या जुन्या लिव्हरसारखा घट्ट बसला होता: थोरल्याने खरं सांगितलं, थोरल्याचा डोस कमी झाला, थोरला मेला. खोटारडा मी, मी पूर्ण डोस घेणार. आठच्या आठ. थेंबन् थेंब.

आणि तरी दुकानात जाऊन तो चोरून कानस चालवायचा, हाताला घर्षण होऊ द्यायचं नाही असं सांगितलेलं असताना. तळवे सोलवटायचे, पावलांना भेगा पडायच्या. बायकोने आणलेलं मलम तो लावायचा ते फक्त ती समोर असताना. किल्ली बिघडायची. दात एक तर उथळ पडायचा नाही तर खोल. तीन किल्ल्या फेकल्या, मग पाच, मग मोजणं सोडलं. मागल्या आठवड्यात एका म्हाताऱ्या बाईला त्याने पहिल्यांदा आयुष्यात सांगितलं, बाई, हे कुलूप उघडत नाही, फोडावं लागेल. ती ‘बरं’ म्हणाली. नुसतं ‘बरं’! तिला काय माहीत, तिच्यासमोर काय घडलं ते.

वॉर्डाबाहेरच्या रांगेत त्याच्या शेजारी पोस्टमास्तर येऊन बसले. निवृत्त, टक्कल जन्माचं, आजार फुप्फुसाचा. त्यांना नवं औषध होतं. पेशी मारायच्या भानगडीत ते पडत नाही, शरीराच्याच पहारेकऱ्यांना जागं करतं आणि सांगतं, जा, शोधा चोर.

“आमचे पहारेकरी जागे झाले हो,” पोस्टमास्तर म्हणाले, “पण डोळे चोळत उठले आणि मालकालाच बडवायला लागले. अंगभर पुरळ. मग आतडी धरली, दिवसातून नऊ वेळा जायचं.”

“मग?”

“मग काय, फोन केला. मी तर शिंक आली तरी फोन करतो. महिनाभर औषध थांबवलं, स्टेरॉइड दिलं, शांत झालं. आता पुन्हा सुरू.”

“थांबवलं?”

“थांबवलं की.”

“आणि तुम्ही जिवंत?”

पोस्टमास्तरांनी स्वतःच्या पोटावर हात फिरवून खात्री केली. “दिसतोय तरी तसा.”

किल्लीवाल्याला त्यांचा भयंकर राग आला. हा माणूस एवढा गुळगुळीत कसा जगतो? त्याने विषय उलटवला आणि आपले ठसे गेल्याचं सांगितलं. पोस्टमास्तर इतके हसले, की त्यांना ठसका लागला. “झकास! मागच्या वेळच्या त्या जादूगारापेक्षा झकास!” जादूगाराची गोष्ट अशी, की एक जादूगार भर खेळात आपल्याच पेटाऱ्यात अडकला, किल्लीवाला प्रेक्षकांतून उठून वर गेला, केसातल्या पिनेने पेटारा उघडला, तर आत जादूगार नाहीच, तो घरी झोपलेला सापडला. ती गोष्ट पोस्टमास्तरांनी निमूट गिळली होती. अंगठा डोळ्यांसमोर नाचवला तरी हसत होते. बायको बाजूला बसून पाण्याच्या बाटलीवर हात फिरवून ती कोमट आहे ना, बघत होती. आत कुणाची तरी शेवटची ड्रिप झाली होती, घंटा वाजली, टाळ्या वाजल्या. भिंतीवर टकलावर फेटा बांधावा तसा रुमाल बांधलेल्या एका हसऱ्या बाईचं चित्र आणि खाली, ‘मी लढवय्यी आहे.’ लढवय्यी! लढणाऱ्याला निदान समोर कोणीतरी दिसतं. मुलगा परगावाहून रोज सकाळी फोनवर उगवत्या सूर्याचं चित्र पाठवायचा आणि खाली लिहायचा, बाबा, पॉझिटिव्ह राहा. नातेवाईक गाजराचा रस सांगायचे, शेजारी श्वास सांगायचे. सगळ्यांना त्याच्याकडून एक प्रसन्न चेहरा हवा होता, म्हणजे त्यांना घरी जाऊन पोटभर जेवता येईल. त्याला वाटलं, उठावं आणि त्या घंटेची जीभ पक्कडीने उपटावी. पण पक्कड धरता आली पाहिजे ना.

सिस्टरने हाक मारली. “चला काका.” अख्ख्या इस्पितळाचा तो काका होता आणि पुतण्या एकही कामाचा नव्हता. वजन, रक्तदाब, ताप, रक्ताचा रिपोर्ट ठीक. मग ती तिच्या यादीवर आली.

“मळमळ?”

“दोन.”

“जुलाब?”

“दोन.”

“अहो काका, जुलाब आकड्यात नाही, किती वेळा ते सांगा.”

“दोन वेळा.”

“बोटांना मुंग्या, बधिरपणा?”

“दोन.”

सिस्टरने पेन थांबवलं. तिने त्याचे हातमोजे काढले, तळवे उलटेसुलटे केले, पायमोजा खाली करून टाच पाहिली. भेगेच्या कडेला रक्त सुकलेलं होतं. मग त्याचा हात वहीआड धरून तिने पेनचं टोपण त्याच्या बोटाला लावलं की नाही, हे तो तिच्या चेहऱ्यावरून ओळखायचा प्रयत्न करत होता.

“आता कुठल्या बोटाला लावलं?”

“मधल्या,” तो म्हणाला. पाचात एक मिळायची शक्यता, वाईट नव्हती.

सिस्टरने वही उचलली आणि त्या दोघांना डॉक्टरीणबाईच्या खोलीत नेऊन बसवलं. खोली लहान, खिडकी बंद, टेबलावर कागदी फुलं. डॉक्टरीणबाई त्याच्या मुलाहून लहान असेल. तिने सिस्टरची वही वाचली, मग त्याच्याकडे पाहिलं, आणि गोड बोलली नाही. हे त्याला पहिल्यांदाच आवडलं आणि लगेच त्याची धास्तीही वाटली.

“काका, मी सरळ बोलते. तुमच्या सहा ड्रिप झाल्या. या औषधाचा जो फायदा आहे त्यातला बराचसा तुम्ही घेतलेला आहे. पण हे औषध मज्जातंतूंना धरतं. हळूहळू धरतं, आणि थांबवल्यावरही काही महिने वाढत जातं. काहींचं परत येतं. काहींचं येत नाही. त्यामुळे मला आज, आत्ता, माहीत पाहिजे. बोटांनी रोजची कामं होत नसतील तर मी ड्रिपमधलं औषध कमी करीन, किंवा बंदच करीन. गोळ्या चालू राहतील, हातापायांचं बरं होईपर्यंत आठवडाभर थांबून.”

“कमी,” तो म्हणाला.

“हो. याचा अर्थ उपचार सोडले असा नाही.”

“माझ्या भावालाही असंच म्हणाले होते.”

“त्यांचं मला माहीत नाही, काका. तुमचं माहीत आहे. म्हणजे, तुम्ही सांगितलंत तर.”

तिचं पेन एका कागदावर अधांतरी होतं, आणि त्याला कळत होतं, की त्या पेनच्या टोकाशी आता एक पिन आहे, जरा तिरकी, आणि ती वर जाते की खाली पडते ते त्याच्या बोलण्यावर आहे. त्याला वाटलं, ओरडावं. कशावर? बोटं मागता, की जीव मागता? किल्लीवाल्याकडून बोटं घेऊन त्याला जिवंत ठेवता, मग त्या उरलेल्याला काय म्हणायचं, ‘वाला’? आणि बोटं वाचवू म्हटलं तर त्या चिंध्या आत कुठेतरी हसत बसल्यात. दोन्हीकडून लूट, आणि वर सही माझीच! थोरल्या, तू सांगितलंस सगळं, वही काढून, तारीखवार. काय मिळालं तुला? मी नाही सांगणार. मला येतं ते मी करणार. त्याने खाकरून घसा साफ केला, खुर्चीत जरा पुढे सरकला, आणि त्याला जाणवलं, की आवाज आपोआप लागला, गुबगुबीत, रंगात आलेला, जिन्याखालच्या दुकानात गिऱ्हाइकांची गर्दी जमवणारा.

“डॉक्टर, कालचीच गोष्ट सांगतो. एक सावकार आला, म्हातारा, घाबराघुबरा. पणजोबाची तिजोरी, सात लिव्हरची, किल्ली विहिरीत पडलेली. तीन कारागीर हात टेकून गेले होते. मी म्हटलं, खुर्ची आणा. बसलो. डोळे मिटले. उजव्या हाताची ही तर्जनी दारावर ठेवली, अशी, अलगद, आणि डाव्या हाताने तार फिरवली. पहिला लिव्हर बोलला. दुसरा बोलला. चौथा जरा मुका होता, जुनं तेल सुकलेलं, पण बोटाला खोकल्यासारखा जाणवला. सातवा तर म्हणाला, या, वाटच बघत होतो. अकरा मिनिटं लागली, डॉक्टर. दार उघडलं तर आत काय? एक मेलेलं झुरळ आणि पणजोबाची कवळी. सावकार रडला. तर ही बोटं अशी आहेत. मुंग्या म्हणाल तर येतात, थंडीत कुणाला येत नाहीत? दोन. फार तर दोन. तुम्ही खुशाल पूर्ण...”

“खोटं आहे, डॉक्टर.”

बायको त्याच्याकडे बघत नव्हती. ती टेबलावरच्या कागदी फुलांकडे बघून बोलत होती. चाळीस वर्षांत चारचौघांत तिने त्याची एकही गोष्ट मोडली नव्हती. उलट मागच्या वेळी कारागीर चार होते, एवढीच पुस्ती जोडायची.

“काल हे दुकानात गेलेच नाहीत. सावकार नाही, तिजोरी नाही, काही नाही.”

“अगं, तू मध्ये...”

“थांबा जरा. परवा आम्ही रस्ता ओलांडत होतो, डॉक्टर. पाऊल नीट कळत नाही म्हणून मी यांचा हात घट्ट धरलेला. मध्येच एक सायकल आडवी आली आणि माझा हात सुटला. मी मागे राहिले. आणि यांना कळलंच नाही. हे मूठ तशीच धरून पलीकडे गेले, आणि तिकडे उभं राहून माझ्याशी बोलत होते.”